पान कोण उलटतंय

आमचे हे गेले ते सकाळी, कामावर निघताना. बूट घालायला खुर्चीवर बसले, वाकले, आणि परत सरळ झालेच नाहीत. मी स्वयंपाकघरात त्यांचा डबा भरत होते. भाजी गरम होती म्हणून झाकण उघडं ठेवलं होतं. "भाजी निवू दे, मग लावते झाकण," असं मी आतून म्हणाले. त्यावर उत्तर आलं नाही. आमच्याकडे अशा वाक्यांना उत्तर येतच नसे, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढचे दिवस माणसांचे असतात. नातेवाईक आले, यांच्या खोपोलीच्या कारखान्यातले मेंटेनन्सचे लोक आले. यांचे लहानपणापासूनचे एक मित्र आहेत, खोपोलीला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतात. तेही आले, फाटकापाशी उभे राहिले, आत यायला तयार होईनात. मी त्यांना लग्नापासून भाई म्हणत आले. वर्षातून एकदोनदा भेट, ईदेला शीरखुर्मा, दिवाळीला आमचा डबा, एवढंच. त्या दिवशी ते फाटकाच्या गजाला धरून उभे होते आणि कुणीतरी हात सोडवला तेव्हा निघून गेले.

मग माणसं पांगली. आमची पुण्याची मुलगी रजा संपल्यावर गेली. भिसेगावातल्या आमच्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या घरात मी आणि मधल्या खोलीतला काळा डबा उरलो.

तो डबा म्हणजे यांचा सर्व्हर. कुठल्या तरी ऑफिसातून काढून टाकलेला छोटा कॉम्प्युटर, त्याला लावलेली मोठी हार्डडिस्क, आणि आत एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. यांनी लहानपणापासून जमवलेली चित्रकथांची पुस्तकं स्कॅन करून त्यात भरली होती. राजपुत्र, हेर, समुद्रातले चाचे, बोलणारे घोडे, सगळं. ते सॉफ्टवेअर पुस्तकं ओळीने मांडायचं, मुखपृष्ठं दाखवायचं आणि कोण कितव्या पानापर्यंत आलंय ते लक्षात ठेवायचं. हातात धरायचा टॅब उघडला की थेट ते पान समोर.

"हे आपलं घरचं वाचनालय," हे सांगायचे. "वीज आपली, डबा आपला, पुस्तकं आपली. कुठल्या कंपनीला वाटलं म्हणून उद्या गायब होणार नाय."

यात माझंही काम असायचं. जुन्या पुस्तकांच्या पिना काढल्या की चुरगळलेल्या पानांवर बटर पेपर ठेवून मी कोमट इस्त्री फिरवायचे. इस्त्री जास्त तापली तर तो कागद लगेच करपतो. वाचायचे मात्र हे. मी कधी वाचली नव्हती ती पुस्तकं. कर्जतच्या एका लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. सकाळी भिसेगाव, दहिवली असं घरोघर फिरून नमुने घ्यायचे, ते लॅबमध्ये द्यायचे, दुपारी घरी. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधून शीर शोधणाऱ्या बाईला बोलणाऱ्या घोड्याचं कौतुक कुठून असणार?

ते गेल्यावर काही आठवड्यांनी एका दुपारी जेवताना मी टॅब पुढ्यात घेतला. घरात भांड्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता, काहीतरी बघायला हवं होतं. सॉफ्टवेअर उघडलं. वर खात्याचं नाव होतं: दोघं. मला एकदम भरून आलं. मी कधी हात लावत नव्हते तरी या माणसाने खात्याला दोघांचं नाव दिलं होतं.

'वाचन चालू' अशा रकान्यात एकच पुस्तक होतं. एका पाणबुड्याची गोष्ट, बऱ्याच भागांची. समुद्रात बुडालेल्या भावाला शोधायला तो पुन्हा पुन्हा खाली जातो. यांनी जिथे सोडलं होतं तिथून मी वाचायला घेतलं. आधीचं काही कळत नव्हतं तरी मागे गेले नाही. सात-आठ पानं झाल्यावर डोळे भरून चित्रं दिसेनात, तेव्हा बंद केलं. पाणबुडा एका फुटक्या जहाजाच्या खिडकीतून आत बघत होता, तिथे.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले, कुलूप काढलं, हातपाय धुतले, ताट वाढून घेतलं, टॅब उघडला. पाणबुडा जहाजाच्या आत होता. खिडकी मागच्या पानावर गेली होती.

माझाच काल हात लागला असेल असं मनाशी म्हटलं आणि दोन पानं वाचून ठेवून दिलं. या वेळी नीट बघून ठेवलं. एक लोखंडी दार, त्यावर पाणबुड्याचा हात. तिसऱ्या दिवशी ते दार उघडलेलं होतं आणि तो पलीकडच्या खोलीत होता.

मी ताट तसंच ठेवून उठले. दोन्ही खोल्या बघितल्या, न्हाणीघर बघितलं, मागचं दार आतून लावलेलं होतं. टॅब मी ठेवला तिथेच, फ्रिजवर, उशीच्या जुन्या अभ्र्यात होता. मधल्या खोलीत डब्याचा निळा दिवा लुकलुकत होता आणि आतला पंखा बारीक घुरघुरत होता, जसा हे असताना घुरघुरायचा. मी त्या डब्यासमोर उभी राहिले. "कोण हाय?" असं मोठ्याने म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

मुलीला फोन केला. आडून विचारलं, "तू वाचतेस का गं बाबांची पुस्तकं?"

"नाही गं आई," ती म्हणाली. "मला ती बघवत नाहीत अजून. आणि माझं खातं वेगळं आहे. का?"

"काही नाही. पान पुढे गेलेलं दिसतं."

ती म्हणाली, "बाबांनी बाहेरूनही उघडेल अशी सोय केली होती. कुठून कोण वापरतंय ते मला इथून बघता येईल. बघू का?"

मी रिपोर्टावर जगणारी बाई आहे. कुणी म्हणालं, मला साखर नाही, मला आतून कळतं, तर मी म्हणते, आधी नमुना द्या. तीच मी मुलीला म्हणाले, "नको. नको बघूस."

"अगं पण…"

"माझाच हात लागत असेल. राहू दे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मला काय कळायला नको होतं ते मला चांगलं ठाऊक होतं.

भीती हळूहळू बदलली. सुरुवातीला दाराबाहेर मुद्दाम खोकायचे, चपला आपटायचे, आत कुणी असेल तर त्याला वेळ मिळावा म्हणून. मग एक दिवस लक्षात आलं की मी खोकत नाही, मी घाईने येते आहे. दहिवलीच्या एका आजींचं रक्त घेताना त्या म्हणाल्या, "बस गं जरा, च्या घे, तुजी कोन वाट बघतंय घरी?" आणि माझ्या तोंडात 'हे' असं आलं होतं. मी ते गिळलं.

मी दोनच पानं वाचायचे. कधी तीन. मोह व्हायचा, पण पुढचं त्यांच्यासाठी ठेवायचे. पुस्तक संपलं तर काय, ही धास्ती होती. एक भाग संपत आला की मी एकेका चित्रावर रेंगाळायचे. पाण्यातले बुडबुडे, कोपऱ्यातले मासे, पाणबुड्याच्या टोपीवरची काच. त्या काचेत चित्रकाराने प्रत्येक वेळी काहीतरी वेगळं काढलं होतं, ते मला तेव्हा दिसलं. ही पानं मीच इस्त्री केली होती आणि कधी बघितली नव्हती.

एकदा लॅबला सुट्टी होती म्हणून मी सकाळी घरी होते. ऊन मधल्या खोलीत आलं होतं, बाहेर कुणीतरी गादी झोडपत होतं. टॅब समोर घेऊन बसले, पण पुस्तक उघडलं नाही, नुसतं मुखपृष्ठ. त्याच्या खाली एक बारीक पट्टी असते, किती वाचून झालं ते दाखवणारी. बोटाने टॅबचा पडदा खाली ओढला की ती ताजी होते. मी ओढत होते आणि बघत होते. काही नाही. पुन्हा काही नाही. आणि मग पट्टी केसभर वाढली.

माझ्या घरात, भर उजेडात, माझ्यासमोर कुणीतरी पान उलटलं होतं. तरी उठले नाही. मी खुर्ची थोडी बाजूला सरकवली. शेजारी जागा केली. गादी झोडपण्याचा आवाज थांबेपर्यंत तशीच बसले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बहीण बदलापूरला बोलवत होती, मी गेले नाही. वर्षश्राद्धाला भटजी म्हणाले की आता यांचा मार्ग मोकळा झाला. मी दर्भाची अंगठी बोटात फिरवत बसले आणि मनात म्हटलं, मोकळा कशाला करता.

मग विजेचा खेळ सुरू झाला. आमच्या भागात कधी दिवा मंद होतो, कधी एकदम भडकतो. एका दुपारी घरी आले तर फ्रिज चालू होता, पंखा फिरत होता, पण डब्याचा निळा दिवा गेला होता. बटण दाबलं, वायर काढून लावली. काही नाही. मागून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. टॅब उघडला तर पांढऱ्या पडद्यावर एक चकती गरगर फिरत राहिली.

ती घुरघुर थांबलेलं घर मी कधी ऐकलंच नव्हतं. यांना नेलं त्या दिवशीसुद्धा ती चालू होती. मी जेवले नाही. मुलीला फोन करून सांगायला हवं होतं, दुरुस्तीवाला बघायला हवा होता. मी काहीच केलं नाही. तीन दिवस कामावर गेले, आले, बसले. माणूस जातो तेव्हा धावपळ असते, तिरडी बांधायची असते, रडणारे असतात. या वेळी तसं काही नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी फाटकाशी स्कूटर थांबली. भाई होते. हातात सफरचंदांची पिशवी. फाटकापाशी उभेच राहिले, तसेच गजाला धरून.

"या ना भाई. आत या."

आले. खुर्चीच्या कडेला बसले. तब्येत विचारली, मुलीचं विचारलं. मी त्यांच्या घरचं विचारलं. खोपोलीच्या रस्त्याला खड्डे किती, हे बोलून झालं. माणूस काहीतरी दुसरंच बोलायला आलाय हे दिसत होतं. त्यांची नजर सारखी मधल्या खोलीकडे जात होती.

शेवटी म्हणाले, "वहिनी, एक इचारू? ती मशीन… बंद पडली काय?"

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

ते खाली बघायला लागले. कप उचलला, परत ठेवला. "मी वाचतो ना त्यावर. त्यानंच लावून दिलं होतं मोबाइलवर. दोगांचं एकच खातं. लहानपणी आमच्या अब्बांच्या दुकानाच्या पायरीवर एकच पुस्तक दोगांत वाचायचो, एक पान तो उलटायचा, एक मी. तसंच करू म्हनाला. खात्याचं नाव पन मीच सांगितलं. दोघं."

मला आधी तेवढंच ऐकू आलं. दोघं. ते दोघं मी आणि हे नव्हते.

"सकाळी दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक नसतं," ते पुढे सांगत होते. "तवा वाचतो. तो गेला तवा वाटलं, बंद करावं. पन एक दिवस उघडलं, तर…" ते थांबले. कपाळाला घाम आला होता. "तुमी हसाल वहिनी."

"नाही हसणार. सांगा."

"तर पान पुढं गेलेलं. मी सोडलेलं त्याच्या पुढं. रोज. मी दोन पानं वाचायचो, दुसऱ्या दिवशी आनखी दोन झालेली असायची. मी घाबरलो. मशिदीत जाऊन त्याच्यासाठी दुवा मागितली. तरी पान हलायचं. मग मला वाटलं, त्याला वाचायचं हाय तर वाचू दे. मी कमी वाचायला लागलो. त्याला उरावं म्हनून. आता चार दिवस काहीच उघडत नाय. मला राहवेना."

मी समोरच्या खुर्चीत बसले.

"ती मी होते," मी म्हणाले.

त्यांना कळेना.

"दुपारी. जेवताना. ती पानं मी वाचत होते, भाई."

ते हळूच म्हणाले, "म्हंजी तुमी?"

"आणि सकाळची तुम्ही."

खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंडावर धरला. मोठा, निळ्या चौकड्यांचा रुमाल होता. त्याआडून आवाज येत नव्हता, फक्त खांदे हलत होते. मला रडू आलं नाही. मला राग आला, इतका की मी उठून आत गेले आणि गॅसच्या ओट्याला धरून उभी राहिले. परत येऊन म्हणाले, "तुम्ही सांगायला हवं होतं मला. पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं."

"काय सांगू, वहिनी?" रुमाल बाजूला करून ते म्हणाले. "तुमच्या घरातला गेलेला मानूस माझ्यासंगं वाचत बसतो, असं सांगू? आन तुमी का नाय सांगितलं कुनाला?"

आम्ही दोघंही एकाच दुपारी, नाही, सकाळच होती ती, एकाच माणसाला दुसऱ्यांदा पोचवून आलेल्या लोकांसारखे बसलो होतो. चहावर साय धरली. ती त्यांनी बोटाने बाजूला केली आणि गार चहा प्यायले.

जाण्याआधी त्यांनी डबा उलटापालटा करून बघितला. "काय नाय, अ‍ॅडॅप्टर जळलाय. आतलं सगळं शाबूत आसंल." दोन दिवसांनी सकाळी, मी लॅबला निघायच्या आत, नवा घेऊन आले, लावला. निळा दिवा लागला, पंखा घुरघुरला. मी टॅब आणला. पुस्तक उघडलं. पाणबुडा पाण्याच्या तळाशी उभा, समोर अंधार, आणि त्या अंधारात काहीतरी पांढरं. पुढच्या पानावर ते काय आहे हे कळणार होतं.

"उलटा," भाई म्हणाले.

"तुम्ही उलटा. सकाळची पाळी तुमची."

ते बोट पुढे करून थांबले. मग हात मागे घेतला. "नको. ऱ्हाऊ दे."

मुलीला मी सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग फोनवरच रडायला लागली. तिने माझं एक आणि भाईंचं एक अशी वेगळी खाती करून दिली. माझ्या खात्यावर मी पाणबुड्याची गोष्ट पहिल्या भागापासून सुरू केली आणि आता रोज हवी तेवढी पानं वाचते. जुनं खातं तसंच आहे. ते पुसायला मी नाही म्हटलं. आम्ही दोघांनी बोलून काही ठरवलं नव्हतं, पण त्यावर ना मी पान उलटलं, ना त्यांनी. मी रोज घरी आले की आधी ते उघडून बघते. पट्टी जिथे होती तिथेच असते. कुलूप काढताना आता मी खोकतही नाही, घाईही करत नाही. आत कुणी नाही हे मला नक्की ठाऊक असतं, आणि कधी कधी दारात पाय अडतो तो त्यामुळेच.

स्कॅन न झालेली पुस्तकं अजून दोन पेट्या आहेत. भाई महिन्यातून एखाद्या रविवारी येतात. मी इस्त्री करते, ते पानं स्कॅनरवर ठेवतात. त्यांचे डोळे अधू झाल्यामुळे कधी पान उलटं पडतं, मी ओरडते, ते परत ठेवतात. मागच्या खेपेला एक हेरकथा निघाली, तिचं शेवटचं पान वाळवीने खाल्लेलं. नुसती जाळी उरली होती.

"काय हरकत नाय, मला पाठ हाय," भाई म्हणाले. "शेवटी कळतं का चोर तो बंगल्याचा माळीच. तो नदीत उडी मारतो, आन पोलीस काठावर उभे."

"माळी नाही," मी म्हणाले. "डॉक्टर. यांनी मला सांगितली होती ही गोष्ट, लग्न नवीन होतं तेव्हा, खंडाळ्याहून उतरताना गाडी बंद पडली होती तिथे बसून. डॉक्टर चोर असतो आणि तो पकडला जातो."

"छे! वहिनी, मी पायरीवर बसून वाचलंय, त्याच्या मांडीला मांडी लावून."

"मग त्यांनी मला वेगळं का सांगितलं?"

भाईंनी चष्मा काढला, त्या जाळी झालेल्या कागदाकडे बघितलं, परत घातला. "त्याला चोर पकडले गेलेलेच आवडायचे," ते म्हणाले. "पन माळीच होता." आणि त्यांनी ते फाटकं पानसुद्धा तसंच स्कॅनरच्या काचेवर ठेवलं. मी झाकण दाबून धरलं.